नागपूर ते पुणे ६०५ किलोमीटर, मग विमानाला दीड तास का?

आमच्या शेजारच्या काकू फेब्रुवारीत नातीच्या बारशासाठी पुण्याला निघाल्या होत्या. विमानात बसायची पहिलीच वेळ. लेकानं मोबाईलवर तिकीट पाठवलं. निघायची वेळ संध्याकाळी ५:१०, पोचायची ६:४०. काकूंनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं आहे, आकडा दिसला की त्या तो ताडून पाहतातच. रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी मला फाटकाशीच गाठलं.

"काऊन रे बाबू, विमान आठशेच्या स्पीडनं जाते म्हणतात. पुणं सहाशे किलोमीटर. मग पाऊण तासात पोचायला पाहिजे नं? हे दीड तास कायचे लिहून राहिले?"

काकूंचा भागाकार अगदी बरोबर आहे. एअरबस ए३२० जातीचं विमान उंचावर गेलं की ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास धावतं. ६०५ भागिले ८३०, म्हणजे ४४ मिनिटं. पण या भागाकारात धरलेलं अंतर विमान प्रत्यक्षात कापत नाही, आणि धरलेला वेग त्याला या वाटेवर जेमतेम पाव तास मिळतो. एवढी एक गोष्ट नीट कळली की तिकिटावरची वेळ, उशीर, वारा, अगदी नुकसानभरपाईचे नियमसुद्धा कळायला लागतात. म्हणून जरा सावकाश सांगतो.

पुणं नेमकं किती लांब?

याचं उत्तर तुम्ही कशानं जाता त्यावर आहे. अजनी–पुणे वंदे भारत ऑगस्ट २०२५मध्ये सुरू झाली, ती ८८१ किलोमीटर धावते. रस्त्यानं गेलात तर सातशेच्या वर भरतात. शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंत सरळ रेघ ओढली तर सुमारे ६२०. आणि सोनेगावच्या विमानतळापासून लोहगावच्या विमानतळापर्यंत मोजलं तर ६०५. शेवटच्या दोन आकड्यांत पंधरा किलोमीटरचा फरक आहे, कारण आपला विमानतळ शहराच्या नैर्ऋत्येला आहे आणि पुण्याचा ईशान्येला. दोन्ही जणू एकमेकांच्या दिशेनं सरकून बसले आहेत. म्हणून कुठेही 'नागपूर–पुणे हवाई अंतर' वाचलं की आधी बघावं, मोजमाप शहरापासून आहे की विमानतळापासून.

रेल्वे एवढी लांब का पडते, ते नकाशा उघडला की दिसतं. रूळ नागपूरहून वर्धा, बडनेरा, अकोला करत भुसावळपर्यंत पश्चिमेला जातात, पुढे मनमाडला पोचतात, तिथून दक्षिणेला वळून अहिल्यानगर, दौंड आणि मग पुणं. काटकोनाच्या दोन बाजू चालत गेल्यासारखं आहे. विमान कर्ण धरतं. रस्ते त्या मानानं सरळ असू शकतात. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२मध्ये खुला झाला. तो ५२० किलोमीटरचा आहे आणि त्याच्या दोन टोकांमधलं सरळ अंतर पाचशेच्या आतबाहेर. रस्त्याच्या मानानं ही रेघ फारच सरळ म्हणायची.

अंतराची गोष्ट निघाली की नागपूरकराला झिरो माईल, म्हणजे शहरातला तो जुना अंतर दाखवणारा खांब, आठवतोच. तिथल्या खांबावर कोरलेले आकडे कधी थांबून वाचले आहेत का? हैदराबाद ३१८ मैल, जबलपूर १७० मैल. किलोमीटरमध्ये करा, ५१२ आणि २७४ येतात. पण सरळ रेषेत हैदराबाद सुमारे ४२० आणि जबलपूर सुमारे २४५ किलोमीटरच आहे. म्हणजे खांबावरचे आकडे बैलगाडी, घोडा आणि पायी माणसाच्या वाटेचे आहेत, पाखराच्या वाटेचे नाहीत. दगड खोटं सांगत नाही, तो जमिनीवरच्या माणसाशी बोलतो. आकाशाचा हिशोब वेगळा ठेवावा लागतो.

६०५ हा आकडा वहीवर काढता येतो

काकूंना हा भाग सगळ्यात जास्त आवडला. नागपूर विमानतळाचे अक्षांश साधारण २१.०९ आणि रेखांश ७९.०५. पुण्याचे १८.५८ आणि ७३.९२. वजाबाकी केली की उत्तर–दक्षिण फरक २.५१ अंश आणि पूर्व–पश्चिम फरक ५.१३ अंश येतो.

अक्षांशाचा एक अंश आपल्याकडे साधारण ११०.७ किलोमीटरचा. २.५१ने गुणलं की २७८. रेखांशाचा अंश मात्र सगळीकडे सारखा नसतो. विषुववृत्तावर तो १११ किलोमीटरचा, आणि ध्रुवाकडे जावं तसा संत्र्याच्या फोडीसारखा निमुळता होत शेवटी शून्य. नागपूर आणि पुण्याच्या मधल्या पट्ट्यात तो १०४.७ भरतो. ५.१३ने गुणा, ५३७. आता दोन बाजू मिळाल्या, २७८ आणि ५३७. दोघांचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा. ६०५.

पृथ्वी गोल आहे, मग सपाट कागदावरचा पायथागोरस कसा चालला? अंतर कमी आहे म्हणून. गोलावरची सगळ्यात जवळची वाट म्हणजे बृहद्वृत्ताचा तुकडा, म्हणजे पृथ्वीच्या गोळ्यावर दोन बिंदूंमध्ये दोरी ताणून धरली तर ती जिथून जाईल ती वाट. नागपूर–पुण्यासाठी ही दोरी आणि नकाशावरची सरळ रेघ यांच्या लांबीत शंभर मीटरचाही फरक पडत नाही. लांबच्या प्रवासात मात्र दोरी भलतीकडेच जाते. जानेवारी २०२१मध्ये एअर इंडियानं सॅन फ्रान्सिस्को–बंगळुरू विमान उत्तर ध्रुवाच्या भागावरून आणलं. सपाट नकाशा पाहणाऱ्याला तो मोठा वळसा वाटेल, पण गोळ्यावर दोरी लावून पाहिली की जवळची वाट तीच.

वैमानिक किलोमीटरमध्ये बोलत नाहीत, ते नॉटिकल मैल वापरतात. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. हा विचित्र आकडा कुठून आला? अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग करा, त्यातला एक भाग म्हणजे एक नॉटिकल मैल. मोजमाप पृथ्वीच्याच अंगावरून घेतलं आहे. त्या भाषेत पुणं ३२६–३२७ नॉटिकल मैल. आणि तासाला एक नॉटिकल मैल हा वेग म्हणजे एक नॉट.

हे अक्षांश-रेखांश आज मोबाईलवर फुकट मिळतात, पण ते एकेकाळी कुणीतरी उन्हातान्हात दुर्बिणी आणि साखळ्या ओढत मोजले आहेत. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचं ते काम १८०२ साली मद्रासजवळ सुरू करणारा विल्यम लॅम्बटन जानेवारी १८२३मध्ये, नागपूरकडे येत असताना, हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. नागपूर–हैदराबाद रस्त्यानं जाणारे शेकडो लोक रोज त्या गावावरून जातात.

विमान सरळ रेघेनं उडत नाही

धावपट्टी कुठल्या दिशेला तोंड करून आहे, हा पहिला अडथळा. नागपूरच्या धावपट्टीच्या दोन टोकांवर १४ आणि ३२ हे आकडे रंगवलेले आहेत. त्यापुढे एक शून्य लावा. एका बाजूनं उडालात तर तोंड १४० अंशांवर, म्हणजे आग्नेयेला, आणि उलट बाजूनं ३२० अंशांवर, म्हणजे वायव्येला. पुणं आहे २४३ अंशांच्या आसपास, पश्चिम-नैर्ऋत्येला. म्हणजे कुठूनही उडा, तोंड पुण्याकडे नाहीच. ३२वरून उडालं तर सत्तर-ऐंशी अंश डावीकडे वळायचं, १४वरून उडालं तर शंभराहून जास्त अंश उजवीकडे. कोणतं टोक वापरायचं ते वारा ठरवतो, कारण विमान वाऱ्याकडे तोंड करून चढतं आणि वाऱ्याकडे तोंड करूनच उतरतं.

पुण्यात हाच खेळ उलटा, आणि तिथे तो जास्त वेळ खातो. लोहगावची धावपट्टी १० आणि २८ अशी, जवळपास पूर्व–पश्चिम. नागपूरहून येणारं विमान पूर्वेकडून येतं. वारा पश्चिमेचा असेल तर २८वर जवळजवळ सरळच उतरता येतं. वारा पूर्वेचा असेल तर मात्र विमानाला शहर ओलांडून पश्चिमेला जावं लागतं आणि उलटं फिरून पुन्हा पूर्वेकडे तोंड करून उतरावं लागतं. पुणं पायाखालून मागे जाताना पाहून नवखा प्रवासी घाबरतो. घाबरायचं काही नाही. ती सात-आठ मिनिटं वाऱ्यासाठी दिलेली असतात. शिवाय लोहगाव मुळात वायुसेनेचा तळ, धावपट्टी एकच, आणि लढाऊ विमानांचा सराव असेल तर नागरी विमानाला थांबायला सांगतात.

मधल्या वाटेवरही मोकळं रान नसतं. आकाशात ठरलेले मार्ग असतात, त्यांवर पाच अक्षरी नावांचे बिंदू असतात, आणि विमान एका बिंदूवरून दुसऱ्या बिंदूकडे जात राहतं. नागपूर देशाच्या मधोमध असल्यामुळे इथे न उतरणारी असंख्य विमानं आपल्या डोक्यावरून जातात, आणि वरच्या आकाशातल्या मोठ्या पट्ट्याची वाहतूक इथल्याच नियंत्रण केंद्रातून सांभाळली जाते. समोरून-आडवं कुणी येत असेल तर आपल्या विमानाला थोडं बाजूनं नेतात, मोकळं असेल तर थेट पुढच्या बिंदूकडे पाठवून चार किलोमीटर वाचवूनही देतात. या सगळ्यामुळे प्रत्यक्ष कापलेलं अंतर ६०५पेक्षा काहीसं जास्तच निघतं.

आठशेचा वेग किती वेळ टिकतो?

मला विचाराल तर सगळ्या प्रश्नाचं मूळ इथे आहे.

विमान धावपट्टी सोडतं तेव्हा त्याचा वेग ताशी २७० किलोमीटरच्या घरात असतो. दहा हजार फुटांच्या खाली साधारणपणे २५० नॉटची मर्यादा असते, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर. तिथून वर वेग वाढत जातो, पण चढण चालूच असते. तेहतीस-पस्तीस हजार फुटांवर पोचायला साधारण वीस मिनिटं लागतात, आणि तोवर विमान जवळपास दोनशे किलोमीटर पुढे गेलेलं असतं. सरळ रेघ धरली तर हे झालं वाशिमच्या आसपास. वर्धा, यवतमाळ मागे पडेपर्यंत विमान अजून चढतंच आहे.

आता दुसऱ्या टोकाकडून बघा. खाली उतरायला सुरुवात कुठे करायची, यासाठी वैमानिक एक सोपा ठोकताळा वापरतात. उंची जितकी हजार फूट, त्याच्या तिप्पट नॉटिकल मैल आधी उतरायला लागायचं. तेहतीस हजार फुटांना नव्व्याण्णव नॉटिकल मैल, म्हणजे सुमारे १८५ किलोमीटर. पुण्याच्या १८५ किलोमीटर आधी काय येतं? पैठण-गेवराईचा टापू. तिथे नाक खाली होतं आणि वेग हळूहळू उतरायला लागतो, शेवटी चाकं टेकताना ताशी अडीचशेच्या आसपास.

मग उरलं काय? वाशिम ते पैठण. सव्वादोनशे किलोमीटरचा टप्पा, सोळा मिनिटांचा. काकूंनी धरलेला पूर्ण वेग विमानाला एवढ्याच पट्ट्यात मिळतो. हवाई सुंदरी पाणी वाटत मागच्या रांगेपर्यंत पोचते न पोचते, तोच पट्टे बांधायची सूचना येते, ती यामुळेच.

एवढ्याशासाठी इतक्या उंच जायचंच कशाला, हा काकूंचा पुढचा प्रश्न. खालची हवा दाट असते. तिथे तोच वेग ठेवायला जेट इंजिनाला कितीतरी जास्त इंधन जाळावं लागतं. चढायला लागलेला खर्च वरच्या विरळ हवेत आणि उतरणीच्या घसरगुंडीत वसूल होतो.

पंख्याचं विमान, म्हणजे एटीआर ७२, याच कारणानं जवळच्या मार्गांवर टिकून आहे. त्याचा वेग ताशी पाचशेच्या आसपास, नागपूर–पुण्याला नुसता भागाकार केला तरी ७३ मिनिटं. पण ते कमी उंचीवर उडतं, लवकर चढून घेतं, लहान धावपट्टीवर उतरतं. अडीचशे-तीनशे किलोमीटरच्या वाटेवर जेटला पूर्ण वेग गाठायलाच जागा नसते, तिथे दोघांतला फरक थोड्या मिनिटांवर येतो आणि एटीआरचं इंधन मात्र बरंच वाचतं. एप्रिल २०२५मध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची सेवा सुरू झाली ती एटीआरनंच. गोंदियाच्या बिरसीहूनही हैदराबादला एटीआर सुरू झालं.

तिकिटावरची वेळ म्हणजे ब्लॉक टाइम

उभ्या विमानाच्या चाकांपुढे ठोकळे लावलेले असतात. ते काढून विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू, आणि पुण्यात आपल्या जागी थांबलं की बंद. या दोन क्षणांमधल्या वेळाला ब्लॉक टाइम म्हणतात, आणि तिकिटावर तोच असतो. ५:१० ही उडायची वेळ नव्हेच. त्या वेळी विमान फक्त जागचं हलणार.

आता मांडणी करा. सगळी वाट पूर्ण वेगानं गेलो असतो तर ४४ मिनिटं. ट्रॅक्टरनं मागे ढकलणं, इंजिनं सुरू करणं, धावपट्टीच्या टोकापर्यंत रांगत जाणं, याची बारा-तेरा. चढताना-उतरताना वेग कमी असतो, त्याची दहाएक. वळणं, वळसे, उतरण्यासाठी रांग, आणखी दहा. पुण्यात उतरून जागेवर जाईपर्यंत सहा-सात. बेरीज ८२–८४. उरलेली सहा ते आठ मिनिटं कंपनीनं हातची ठेवलेली.

हे शेवटचं ऐकून काकूंपेक्षा काका जास्त खुलले. काका रेल्वेत गार्ड होते, अजनीत घर, नोकरीही इकडेच. "हे तर आमच्या टाइमटेबलातला रिकव्हरी टाइम झाला," ते म्हणाले. गाडी शेवटच्या स्टेशनाच्या आधी मुद्दाम थोडा जास्तीचा वेळ देतात, म्हणजे वाटेतला उशीर भरून निघतो. विमानातही तसंच. ठरल्या वेळेच्या पंधरा मिनिटांच्या आत असलेलं विमान आपल्याकडे 'वेळेवर' मोजतात, आणि कंपन्यांचे ते आकडे दर महिन्याला जाहीर होतात. त्यामुळे थोडी हातची ठेवण्यात कंपनीचा फायदा आहे. मला यात लबाडी दिसत नाही. तेच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करतं, एका ठिकाणचा उशीर पुढच्या सगळ्या गावांना भोवतो. डिसेंबर-जानेवारीत नागपुरात लख्ख ऊन असताना विमान उशिरा येतं, कारण ते सकाळी दिल्लीच्या धुक्यात अडकलेलं असतं.

ब्लॉक टाइम हा शब्द प्रवाशानं लक्षात ठेवावा, याचं आणखी एक कारण आहे. वेळेत न कळवता विमान रद्द झालं आणि कारण कंपनीच्या हातातलं असलं, तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत भरपाई याच मोजमापावर ठरते. एक तासापर्यंतच्या ब्लॉक टाइमला ५,००० रुपये, एक ते दोन तासांना ७,५००, त्याहून जास्त असेल तर १०,०००. किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांतलं जे कमी असेल ते. नागपूर–पुणे मधल्या गटात बसतं. आणि अडीच तासांपर्यंतच्या ब्लॉक टाइमच्या विमानाला दोन तास किंवा जास्त उशीर होणार असेल, तर थांबलेल्या प्रवाशांना खायला-प्यायला देणं कंपनीवर बंधनकारक आहे. काउंटरवर वाद घालण्यापेक्षा हे शांतपणे माहीत असलेलं बरं.

जाताना आणि येताना वेगळा वेळ

तिकिटं नीट पाहिली तर कधीकधी पुण्याहून नागपूरला येणाऱ्या विमानाची वेळ जाणाऱ्यापेक्षा पाचेक मिनिटं कमी दिसते. कारण वारा. हिवाळ्यात उत्तर भारतावर, विमानं उडतात त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे एक जोरदार प्रवाह वाहतो. त्याच्या मध्यावर वेग ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे जातो. नागपूर त्याच्या दक्षिण काठावर, त्यामुळे इथे जोर कमी, पण दिशा तीच.

समजा हा वारा ताशी ७५ किलोमीटरचा आहे आणि सगळी वाट पूर्ण वेगानं जाते. पुण्याकडे जाताना जमिनीवरचा वेग ८३०मधून ७५ वजा, ७५५. वेळ ४८ मिनिटं. परतताना ९०५, वेळ ४० मिनिटं. आठ मिनिटांचा फरक. काकूंना वाटलं की जाताना जे गेलं ते येताना मिळालं, फिट्टंफाट. तसं होत नाही. वारा नसता तर दोन्ही फेऱ्या मिळून ८७ मिनिटं २८ सेकंद. वारा असताना ८८ मिनिटं आणि वर काही सेकंद. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं आणि मागच्या वाऱ्यात कमी वेळ, म्हणून जाऊन-येऊन तोटाच राहतो. हे वहीवर करून पाहण्यासारखं आहे, शाळेतल्या मुलांना द्यायला तर फारच छान.

पावसाळ्यात चित्र पालटतं. दक्षिण भारतावर खूप उंचावर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा प्रवाह तयार होतो. पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञानं तो १९५०च्या दशकात जगापुढे मांडला. जुलै-ऑगस्टमध्ये म्हणून पुण्याकडे जाणाऱ्याला वाऱ्याची थोडी साथ मिळू शकते, पण वाटेतले काळे ढग चुकवताना ती मिनिटं पुन्हा खर्ची पडतात.

अंतर वाढलं तरी वेळ तेवढा वाढत नाही

दिल्ली नागपूरपासून विमानानं साधारण ८५० किलोमीटर. पुण्यापेक्षा चाळीस टक्के जास्त. पण जास्तीचे २४५ किलोमीटर विमान पूर्ण वेगानं कापतं, त्याला लागतात फक्त अठरा मिनिटं. रांगणं, चढणं, उतरणं, वळणं हा खर्च दोन्हीकडे तोच. उलट टोकाला अमरावती घ्या. सोनेगाव ते बेलोरा सरळ अंतर १४० किलोमीटर. तिथे विमान नेलं तर सगळा वेळ या ठरावीक खर्चातच जाईल. सुरक्षा तपासणी संपेपर्यंत गाडीवाला तळेगाव ओलांडून गेलेला असेल.

जुन्या लोकांना रात्रीची टपाल विमानं आठवत असतील. १९४९ साली ती सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या चारही ठिकाणांहून डकोटासारखी विमानं रात्री निघायची, मध्यरात्री नागपूरला भेटायची, पोती अदलाबदल करून पहाटेपर्यंत परत. नागपूरहून मुंबई ६८०, दिल्ली ८५०, मद्रास ९००, कलकत्ता ९९० किलोमीटरच्या आसपास. ताशी तीनशेच्याही आत धावणाऱ्या विमानांना रात्रीच्या अंधारात जाऊन-येऊन जमेल असं हे एकच गाव होतं. सोनेगावची धावपट्टी तेव्हा देशभरच्या पत्रांचं जंक्शन होती, हे वाचताना मला आजही भरून येतं.

घरापासून घरापर्यंतचा हिशोब मी काकूंना वेगळा करून दिला. चेक-इनची खिडकी साधारण तासभर आधी बंद होते, म्हणून घरून तीनला निघा. पुण्यात सामान घेऊन, संध्याकाळच्या गर्दीतून कोथरूडला पोचेपर्यंत आठ. पाच तास झाले. ६०५ भागिले ५, ताशी १२१ किलोमीटर. समृद्धीवर गाडीला जी वेगमर्यादा आहे, जवळपास तीच. वंदे भारतला नुसते स्टेशन ते स्टेशन बारा तास लागतात.

काकूंनी जाताना बोर्डिंग पासच्या मागे वेळा लिहून आणायचं कबूल केलं होतं, आणि त्यांनी एकही सोडली नाही. विमान मागे सरकलं ५:०४. चाकं उचलली ५:१७. लगेच डावीकडे कललं. पट्टे सोडायची खूण ५:३२. पट्टे बांधायची खूण ५:५७. चाकं टेकली ६:२२. थांबलं ६:२९. म्हणजे आकाशात ६५ मिनिटं, ब्लॉक टाइम ८५, तिकिटाच्या अकरा मिनिटं आधी.

खुर्चीतून उठायच्या आधीच त्यांनी काकांना फोन लावला. मी तिथेच ओट्यावर बसलो होतो. नागपुरात सूर्य बुडून पंधरा मिनिटं झाली होती, काकांनी तुळशीपाशी दिवा लावला होता. तिकडून काकू मोठ्यानं सांगत होत्या, "अहो, इथं ऊन आहे अजून! पाच अंश रेखांश पश्चिमेला आले नं मी, अंशाला चार मिनिटं, वीस मिनिटं झाली. फेब्रुवारीत दक्षिणेला सूर्य जरा उशिरा बुडतो, म्हणून वर दोन-तीन धरा."